चेहरा ओळखणारं लॉक, हात हलवला की चालणारी चिमणी... रोजच्या घरात खरंच उपयोग होतो का ओ?

विश्रामबागकर_७४

नमस्कार मंडळी, सांगलीत विश्रामबागला आमचा जुना फ्लॅट आहे, १९९८ चं बांधकाम, दिवाळीआधी सगळा रिनोव्हेट करायला काढलाय. फरशी, किचन ओटा, वायरिंग सगळंच. इंटिरियरवाल्या पोराने कोटेशनला 'स्मार्ट होम' म्हणून एक वेगळं पान जोडलंय आणि ते बाकीच्या पानांपेक्षा जास्त चकचकीत आहे. त्यात मेन दाराला चेहरा ओळखून उघडणारं लॉक, किचनमध्ये हात हलवला की चालू होणारी चिमणी, पॅसेज आणि बाथरूमला सेन्सरचे लाईट, आणि हॉलमधला टीव्ही, पंखा, लाईट सगळं हाताच्या इशाऱ्यावर, म्हणजे तळवा दाखवला की पंखा बंद, बोट फिरवलं की टीव्हीचा आवाज कमी वगैरे. मिळून ८५ हजार लावलेत.

घरात बाबा ७६, आई ७०, मी, बायको शाळेवर, पोरगा आठवीत, पोरगी चौथीत, शिवाय सकाळी धुण्याभांड्याला मावशी येतात. बाबांचं म्हणणं, उठून बटण दाबायला काय धाड भरलीय. पोरगं मात्र खुळं झालंय, रोज विचारतंय फायनल झालं का. बायको म्हणते चिमणीपुरतं घे बाकीचं राहू दे, आणि मला स्वतःला काय कळत नाही म्हणून इथं विचारतोय.

ज्यांनी वर्षभर तरी वापरलंय त्यांनी सांगा. व्हिडिओ बघून झालेत, ते लोक बॉक्स उघडतात आणि पहिल्या दिवसाचं सांगून मोकळे होतात, पुढं पावसाळ्यात काय झालं ते कोणी सांगत नाही.

---

भडंगवाला

८५ हजारात बटणं दाबायला माणूस ठेवा की ओ वर्षभर 😄 वर भडंगपण आणून देईल

---

मिरजेची_सुगरण

चिमणीचं मी सांगते, आमच्याकडं अडीच वर्षं झाली. तुमच्या मिसेस बरोबर सांगतायत.

बघा, चिमणी लागते कधी? फोडणी टाकल्यावर. आणि फोडणी टाकायच्या वेळी आपले हात कधी मोकळे असतात का? एका हातात पळी, दुसरा कणकेचा नाहीतर मिरचीचा. पूर्वीची बटणाची चिमणी मी कोपरानं दाबायचे आणि त्या बटणांभोवती पिठाचा नि तेलाचा असा थर बसायचा की दिवाळीला चाकूनं खरवडायचा. आता मनगटाची मागची बाजू समोरून नेली की चालू. कांदालसूण चटणीचं भाजणं असलं की हे वरदान आहे, खोटं नाही सांगत.

आता दुसरी बाजू. त्या काचेवर तेलाचा पातळ पापुद्रा बसतो, तो आठ-दहा दिवसांत पुसला नाही तर सेन्सर अर्धा आंधळा होतो, आपण आपले चिमणीसमोर उभं राहून टाटा करतोय आणि ती ढिम्म. पहिल्यांदा झालं तेव्हा मी कंपनीचा माणूस बोलावला, त्यानं खिशातलं फडकं काढून काच पुसली आणि व्हिजिटचे पैसे घेतले. वाफेचं पण तसंच, इडलीचं भांडं उघडलं की कधी कधी आपोआप स्पीड वाढतो.

आणि आमच्या सासूबाई! त्या उंच आहेत. मागच्या शेगडीवर काय शिजतंय ते बघायला पुढं वाकल्या की कपाळ सेन्सरसमोर, चिमणी बंद. परत वाकल्या, चालू. पंधरा दिवस त्यांना वाटायचं लाईट जातेय येतेय. आता त्या मुद्दाम कपाळानंच चालवतात, म्हणतात हात कशाला घाण करू.

घेताना एवढंच बघा की इशाऱ्यासोबत साधी बटणं पण हवीत, आणि तो सेन्सर बंद करायची सोय हवी. पाहुण्यांची पोरं आली की आम्ही सेन्सर बंदच करतो, नाहीतर घरभर त्यांचा तोच खेळ. बाकी ऑटो क्लीन वगैरे काय म्हणतात त्याच्यातली तेलाची वाटी शेवटी आपल्यालाच काढून धुवावी लागते, ते एक असो.

---

टेस्टर_कुपवाड

दादा मी लायटिंगचं आणि सीसीटीव्हीचं काम करतो, १८ वर्षं झाली. वायरिंग काढलंय म्हणताय तेवढंच बरं झालं, पहिलं ते ऐका मग बाकीचं.

१९९८ चं काम म्हणजे लाईटच्या बोर्डात नुसता फेज (करंट आणणारी वायर) आणून सोडलेला असणार. न्यूट्रल (करंट परत न्यायची वायर) थेट दिव्या-पंख्याच्या पॉइंटला जातो, बोर्डात येत नाय. ज्या बोर्डात प्लग हाय तिथं सापडतो, बाकीच्यात नाय. आता हे सेन्सरचं, वायफायचं, इशाऱ्याचं कुठलंबी स्विच घ्या, त्याला स्वतःला जागं राहायला करंट लागतोच की. न्यूट्रल नसला तर ते बल्बातनंच थोडा थोडा करंट ओढतं, आणि मग बंद केलेला एलईडी रात्रभर मिणमिणत बसतो. गिऱ्हाईक म्हणतं बल्ब खराब. बल्ब नाय ओ खराब. तर पहिलं काम, प्रत्येक बोर्डात न्यूट्रल ओढून घ्या, आज स्मार्ट घ्या नायतर नका घेऊ. नंतर फरशी-गिलावा झाल्यावर मला बोलावू नका.

आता सेन्सर लाईट. साधा स्वस्तातला जो असतो तो पीआयआर, तो अंगाच्या गरमीवर चालतो. म्हणजे मागची भिंत थंड आणि पुढनं गरम काहीतरी हललं की त्याला कळतं. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये दुपारी भिंतच तापून अंगाएवढी होते, मग त्याला माणूस दिसायचा कसा? अगदी पुढ्यात जाऊन उभं राहावं लागतं. आणि थंडीत पहाटे मांजर गेलं तरी लख्ख उजेड. दुसरं म्हणजे त्याला काचेपलीकडचं दिसत नाय, बाथरूमला काचेचं पार्टिशन करणार असाल तर आत आंघोळ करणारा माणूस त्याच्या लेखी नाहीच. आणि संडासात एकाजागी बसला की दोन मिनिटांनी अंधार, मग बसल्या बसल्या हात वर करून हलवायचे. त्याच्या मागं बारीक स्क्रू असतात, एक टाइमचा, एक उजेडाचा, वेळ वाढवून घ्या म्हणजे झालं. आमच्यातली निम्मी पोरं ते स्क्रू बघतसुद्धा नायत, आला तसा लावून मोकळी.

मायक्रोवेव्हचा सेन्सर वेगळा, त्याला गरमीशी देणंघेणं नाय, हालचाल बघतो, पण पातळ दारापलीकडची पण बघतो. जिन्यानं शेजारचा माणूस गेला तरी तुमच्या पॅसेजचा दिवा लागणार. आता एमएमवेव्ह म्हणून आलेत, त्याला श्वासाची हालचालबी कळते, बसलेला माणूस पण ओळखतो, ते बाथरूमला चांगलं पण महाग पडतं.

माझं मत विचाराल तर रात्री आई-बाबा उठतात त्या वाटेवर, बेड ते बाथरूम, खाली फरशीलगत सेन्सरचा मंद दिवा लावा. ८५ हजारातला सगळ्यात कामाचा भाग तो, आणि सगळ्यात स्वस्त पण. म्हातारी माणसं अंधारात भिंतीवर बटण चाचपतानाच पडतात.

लॉकचं सांगायचं तर लै हाय, जेवून लिहितो.

---

विश्रामबागकर_७४

टेस्टर दादा, न्यूट्रलचं कोणीच बोललं नव्हतं, इंटिरियरवाल्याला विचारलं तर म्हणाला "होईल ते नंतर". सुगरण ताई, कपाळाची आयडिया आईला वाचून दाखवली, ती अजून हसतेय.

---

टेस्टर_कुपवाड

जेवलो. लॉक.

चेहऱ्याच्या लॉकचे दोन प्रकार. एक नुसता कॅमेरा, दुसरा इन्फ्रारेडवाला, जो चेहऱ्याची खोली मोजतो. नुसत्या कॅमेऱ्याचा फुकट दिला तरी घेऊ नका, मोबाइलमधला फोटो दाखवून उघडलेलं मी स्वतःच्या डोळ्यानं बघितलंय, आणि अंधारात तर त्याला मालक पण ओळखू येत नाय. इन्फ्रारेडवाला अंधारात चालतो, पण तुमचं दार पश्चिमेला असेल आणि संध्याकाळी ऊन थेट आत येत असेल तर तो पण डोळे मिचकावतो. दाराची दिशा बघा.

सगळ्यात मोठी भानगड पावसाळ्याची. जुलै-ऑगस्टला लाकडी दार फुगतं. आपण काय करतो, दार जरा उचलून खांद्यानं ढकलतो आणि कडी लावतो. मोटरला खांदा नाय ना. लॉकची जीभ चौकटीच्या भोकात नीट जात नाय, मोटर रेटत बसते, आणि जे सेल सहा-आठ महिने चालायचे ते दोन महिन्यांत झोपतात. लोक म्हणतात लॉक फालतू. सुताराला बोलावून दार रंधून घ्या आधी, मग लॉक बसवा.

लाईट गेली तर चिंता नाय, लॉक सेलवर चालतं. सेल संपले तर बाहेरच्या बाजूला खाली नऊ व्होल्टची बॅटरी टेकवायला दोन टिकल्या असतात नायतर चार्जिंगचं पोर्ट असतं, पॉवर बँक लावली की तेवढ्यापुरतं उघडतं. आणि चावीचं भोक असलेलंच घ्या. आता यावर हसू नका, पण तीन गिऱ्हाईकं अशी हायत की त्यांनी ती चावी घरातच कपाटात ठेवली होती.

---

अजिंक्यतारा_पायथा

मी मूळचा साताऱ्याचा, शाहूपुरीत घर, नोकरी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. टीव्हीला हातवारे करण्याबद्दल लिहितो कारण हा प्रकार एकदा येऊन, गाजून, मरून गेलाय आणि आता इंटिरियरवाले तो नवीन म्हणून विकतायत.

नोव्हेंबर २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टनं एक्सबॉक्स या गेमच्या यंत्रासाठी किनेक्ट नावाचा कॅमेरा आणला, हातात काही न धरता नुसतं अंग हलवून गेम. पहिल्या ६० दिवसांत ८० लाख विकले गेले, त्याची गिनेस बुकात नोंद झाली. सगळ्यांना वाटलं आता रिमोट गेला. २०१२ ला सॅमसंगनं टीव्हीतच कॅमेरा घातला, हातानं आणि आवाजानं चालणारा, चेहरा पण ओळखायचा. आणि २०१७ ला किनेक्ट बनवणंच बंद झालं.

का? माझं मत सांगतो. एक तर जागा. किनेक्टला एका माणसासाठी साधारण सहा फूट आणि दोघांना आठ फूट मोकळी जागा समोर लागायची. आपल्या दहा बाय बाराच्या हॉलमध्ये सोफा, टीपॉय, दिवाण, बाबांची खुर्ची, आणि वाळत घातलेले कपडे, आठ फूट कुठून आणायचे? दुसरं म्हणजे हात भरून येतो. रिमोटला फक्त अंगठा हलतो, हात उशीवर पडलेला असतो. इशाऱ्याला खांद्यापासून हात उचलून हवेत धरावा लागतो, आवाज पाच घर कमी करायचा म्हणजे पाच वेळा. आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, आपल्याकडं हात न हलवता बोलतं कोण? मॅच बघताना कॅच सुटला की अख्खा हॉल दोन्ही हात वर करतो. टीव्हीनं त्यातनं काय समजून घ्यायचं?

त्यानंतर २०१९ ला गूगलनं पिक्सेल ४ मध्ये छोटं रडार घातलं, फोनवरून हात फिरवला की गाणं बदलायचं. ते ६० गिगाहर्ट्झवर चालायचं, त्याची परवानगी आपल्याकडं मिळाली नाही म्हणून तो फोन भारतात विकायलाच आला नाही. आणि पुढच्या वर्षीच्या पिक्सेल ५ मधनं त्यांनी स्वतःच ते काढून टाकलं.

आता गंमत बघा. किनेक्टच्या आतलं जे तंत्र होतं, समोर न दिसणारे ठिपके टाकून खोली मोजायचं, ते प्राइमसेन्स नावाच्या इस्रायली कंपनीचं. ती कंपनी २०१३ ला ॲपलनं विकत घेतली, आणि २०१७ च्या आयफोन टेनमध्ये फेस आयडी आलं, चेहऱ्यावर ३० हजारांवर इन्फ्रारेड ठिपके टाकून मोजणारं. म्हणजे हॉलमध्ये सहा फुटांवरून जे धड चाललं नाही ते वीतभर अंतरावरून झकास चाललं. कारण फोन आपण असाही तोंडासमोरच धरतो, वेगळं काही करावं लागत नाही. तुमच्या यादीतल्या प्रत्येक वस्तूला हा एक प्रश्न विचारून बघा, मी जे असंही करतोय त्यातच हे होतंय, की याच्यासाठी मला नवीन कवायत शिकावी लागतेय?

टेस्टर दादांच्या फोटोच्या मुद्द्याला जोडून. आपल्या बऱ्याचशा स्वस्त ॲन्ड्रॉइड फोनमध्ये फेस अनलॉक म्हणजे नुसता सेल्फी कॅमेरा असतो. म्हणून फोन तोंड बघून उघडतो पण बँकेचं ॲप बोटच मागतं. गूगलनं स्वतः त्याचे वर्ग पाडलेत आणि असल्या कमकुवत ओळखीला बँकेच्या ॲपमध्ये थारा नाही. तुमचा स्वतःचा फोन ज्या ओळखीवर दहा रुपये पाठवू देत नाही, त्यावर घराचं दार उघडायचं का?

---

बेदाणा_किंग

आमच्याकडं तासगावला गेल्या वर्षी भावाचं लग्न झालं, त्याच्या दोन महिने आधी त्यानं हौसेनं चेहऱ्याचं लॉक बसवलं होतं. वरात आली, गृहप्रवेश, दारात बँडवाला वाजवतोय, आत्याबाई माप भरून घेऊन आत उभ्या, आणि कुठल्या तरी पोरानं आतनं दार ओढलं. ऑटो लॉक. आत आत्याबाईंना ते आतलं हँडल कसं फिरवायचं माहीत नाही, त्या आतनं ओरडतायत. बाहेर नवरदेव लॉकसमोर तोंड करून उभा. कपाळाला मुंडावळ्या, डोक्याला फेटा, गालाला हळदीचा रंग अजून तसाच, लॉक म्हणतंय ओळख पटली नाही. मुंडावळ्या वर केल्या, नाही. फेटा काढायला मामा तयार नाहीत, म्हणे माप ओलांडल्याशिवाय फेटा काढायचा नाही. तोपर्यंत पाच वेळा चुकल्यामुळं लॉकनं तीन मिनिटांची सुट्टी घेतली. कोड होता, पण कोड ज्याला माहीत तो नवरदेव घामानं आणि गोंधळानं विसरला.

शेवटी कोणीतरी म्हणालं बहिणी दार अडवतात ते ऐकलं होतं, दारानंच दार अडवलेलं पहिल्यांदा बघतोय. मग वहिनीच हळूच म्हणाल्या, तुम्ही फोनवर मला कोड सांगितला होता ना. त्यांनी टाकला आणि दार उघडलं. त्यांचा चेहरा लॉकमध्ये नव्हताच अजून, पण घर उघडलं त्यांनी. आता घरात सगळे त्यावरनं चिडवतात.

बाकी लॉक रोजच्याला चांगलं चाललंय, हातात बेदाण्याचे क्रेट असले की चावी शोधावी लागत नाही.

---

भडंगवाला

मामांचा नाद खुळा 😂😂 फेटा काढायचा नाही म्हणजे नाही

---

निवृत्त_रेल्वे_मिरज

सर्वांना नमस्कार. मी ७९ वर्षांचा, रेल्वेतून निवृत्त. तरुण मंडळी या तंत्राला हसत आहेत म्हणून दुसरी बाजू मांडतो.

माझ्या बोटांचे ठसे गेल्या दहा वर्षांत झिजून गेले. आयुष्यभर हातांनी काम केलेल्या माणसांचं हेच होतं. शेतातल्या बायकांचं, गवंड्यांचं, हळदीच्या पेठेत पोती उचलणाऱ्यांचं. मशिनवर अंगठा ठेवायचा, पुसायचा, परत ठेवायचा, मागं रांग खोळंबलेली, आणि आपण गुन्हेगारासारखं उभं. हयातीचा दाखला म्हणजे आम्हा पेन्शनरांचा दर नोव्हेंबरचा सण. मी जिवंत आहे हे सिद्ध करायला रिक्षा करून जायचं. २०२१ च्या नोव्हेंबरपासून केंद्राच्या पेन्शनरांना चेहऱ्यावरून दाखल्याची सोय झाली. फोन समोर धरायचा, सांगितलं की पापण्या मिटायच्या उघडायच्या, आधारच्या फोटोशी ताडून बघतात आणि दाखला होतो. गेली तीन वर्षं मी तो खिडकीपाशी खुर्चीत बसून करतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तर माझी हिंमतच नव्हती बाहेर जायची. एक सूचना, पाठीमागून उजेड नको, तोंडावर उजेड हवा, आणि चष्मा काढून एकदा, घालून एकदा करून बघावं.

माझ्या सौ.ला कंपवात आहे. तिचा हात कायम थरथरतो. तिच्यापुढं हातानं चालणारा टीव्ही ठेवला तर तो बिचारा वेडा होईल. तिला नातवानं फोनवर मराठीत बोलायला शिकवलं, गूगल असिस्टंटला २०१८ पासून मराठी समजतं. "मुलाला फोन लाव" म्हणते, लागतो. कधी कधी भलत्यालाच लागतो, मग त्यांच्याशीही बोलते.

तेव्हा विश्रामबागकर, तुमच्या आईवडिलांचे हात कसे आहेत, डोळे कसे आहेत, ते आधी बघा. इंटिरियरवाल्या मुलाचे हात बघून घर लावू नका.

---

गावभागची_मुलगी

लॉकबद्दल एक गोष्ट कोणीच बोललं नाही म्हणून लिहितेय, तुम्ही मावशींचा उल्लेख केलाय म्हणून.

आमच्याकडं लॉक बसवलं तेव्हा आमच्या मावशींचा पण चेहरा नोंदवायचा ठरला, मी आणि नवरा दोघं आठला बाहेर पडतो म्हणून. त्या म्हणाल्या, माझा फोटो कशाला काढताय, मी काय चोरी केली काय. बारा वर्षं त्या आमच्याकडं येतात, चावी पायपुसण्याखाली असायची, कधी काही गेलं नाही. मी समजावलं की फोटो नाही, चेहऱ्याचं माप असतं, ते लॉकमध्येच राहतं, मग त्या तयार झाल्या. खरं सांगायचं तर ते लॉकमध्येच राहतं की कंपनीच्या सर्व्हरला जातं हे मी तोपर्यंत वाचलेलंच नव्हतं, आम्ही ॲपमध्ये सगळ्याला हो हो करत गेलो होतो. नंतर बघितलं, सुदैवानं लॉकमध्येच होतं. तुम्ही घेताना हे आधी विचारा.

पण खरी भानगड पुढंच आहे. त्या ॲपमध्ये कोण किती वाजता आलं सगळं दिसतं. पहिल्या महिन्यात माझ्या नवऱ्यानं सहज बघितलं आणि म्हणाला, मावशी रोज ८:४० ला येतात, आपण तर साडेआठ सांगितलंय. दहा मिनिटं ओ! बारा वर्षांत कोणाला कळलं नव्हतं, कोणाचं काही अडलं नव्हतं. दार उघडायला घेतलेलं यंत्र आठ दिवसांत हजेरीचं मस्टर झालं. आमचं दोघांचं भांडण झालं त्यावरून, मावशींना यातलं काही माहीत नाही. मी ती नोंद बंद करायला गेले तर पूर्ण बंद होतच नाही, मग मी ॲप नवऱ्याच्या फोनवरून काढून टाकलं. मावशींना आता वेगळा चार आकडी कोड दिलाय, चेहरा पुसून टाकला. त्या म्हणाल्या बरं झालं, पदर घेतला की ते मला ओळखतच नव्हतं.

तुमच्या मुलाचं पण बघा. आठवीतल्या पोराला क्लासवरून घरी किती वाजता आलास याचा पुरावा रोज बापाच्या फोनवर येणार हे माहीत आहे का? तो इतका खुश आहे म्हणून विचारलं 😄

आणि आम्ही गावभागातले, २०१९ च्या पुरात घर सोडलं तेव्हा लाईट कित्येक दिवस नव्हती, पाणी कंबरेपर्यंत. तेव्हा हे लॉक नव्हतं. त्यामुळं आता बाहेरून एक साधी कडी आणि कुलूप पण ठेवलंय. विश्रामबागला तुम्हाला तो प्रश्न नाही.

---

अजिंक्यतारा_पायथा

गावभाग ताईंचा पदराचा मुद्दा नुसता पदराचा नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या जॉय बुओलामविनी आणि मायक्रोसॉफ्टमधल्या तिमनित गेब्रू यांनी नावाजलेल्या कंपन्यांची चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष ओळखणारी सॉफ्टवेअर तपासली होती. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, आणि सावळ्या-काळ्या बायकांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. ते दार उघडण्याचं सॉफ्टवेअर नव्हतं हे खरं, आणि त्यानंतर बरीच सुधारणा पण झाली, पण ज्या चेहऱ्यांवर ते शिकतं तेच त्याला नीट ओळखू येतात एवढं त्यातनं कळतं. म्हणून दुकानात डेमो बघताना सेल्समनच्या चेहऱ्यावर बघू नका. आईंना घेऊन जा, पदर घेऊन, चष्मा लावून, आणि जमलं तर संध्याकाळच्या वेळी.

मुलीचं पण, चौथीतली आहे ना, लहान पोरांचे चेहरे भराभर बदलतात, परत परत नोंदवावं लागतं. फेस आयडीबद्दल ॲपल स्वतः सांगतं की १३ वर्षांखालच्या मुलांत आणि सारख्या दिसणाऱ्या भावंडांत गफलत होण्याची शक्यता जास्त. आमच्या घरी माझा फोन धाकटा भाऊ तोंड दाखवून उघडायचा. सहा महिने मला पत्ता नव्हता.

---

विश्रामबागकर_७४

सगळ्यांचे आभार, रात्री जेवताना अख्खा धागा मोठ्यानं वाचला. पोरगा हजेरीच्या मुद्द्यावर एकदम गप्प झाला, आणि आज सकाळी म्हणतोय "पप्पा, चावीच बरी आहे, उगं खर्च कशाला". 😄

तर सध्या ठरलंय असं. हॉलमधलं टीव्ही-पंख्याचं इशाऱ्याचं पूर्ण कट, कारण बाबा बातम्या बघताना हातवारे करून नेत्यांशी भांडतात, पंखा दिवसभर चालू-बंद होत राहील. चिमणी वेव्हवाली, बटणं असलेली. आई-बाबांच्या बेडपासून बाथरूमपर्यंत खाली मंद सेन्सर दिवे. प्रत्येक बोर्डात न्यूट्रल, हे लिहून दिलंय आणि इंटिरियरवाल्याचं तोंड जरा वाकडं झालंय. लॉकचं अजून अडकलंय. बायकोला कोडचं आणि चावीचं हवं, चेहऱ्याचं नको. मला वाटत होतं एकदाच खर्च तर चेहऱ्याचं पण असू दे. पण आमचं दार पश्चिमेलाच आहे, आणि पावसात ते खांद्यानंच बंद होतं. म्हणजे टेस्टर दादांनी सांगितलेलं दोन्ही आमच्याच दाराला लागू.

बाबांनी एकच विचारलं, कोड विसरला तर? मी म्हटलं शेजारच्या काकूंकडं चावी ठेवू. तर म्हणाले मग आत्ता पण चावी त्यांच्याकडंच आहे की.

टेस्टर दादा, जुन्या पाइपातनं न्यूट्रलची जादा वायर जाईल का, का भिंत फोडावी लागेल? गिलावेवाला सोमवारी येतोय.

---

टेस्टर_कुपवाड

पाइप पाऊण इंची असला आणि आत वायरी कमी असल्या तर जाईल. पण १९९८ च्या कामात बऱ्याचदा बेंडला पाइप चेपलेला असतो, तिथं अडकतं. जुन्या वायरीला नवी बांधून एका बोर्डातनं ओढून बघा, आली तर सगळीकडं येईल, नाय आली तर तेवढाच तुकडा फोडा. मेन बंद करून बरं का, नुसतं बटण बंद करून नाय.

गिलावेवाल्याला मंगळवारी बोलवा. रविवारी मी बुधगावला येतोय कामाला, जाता जाता बघून जातो. दार पण बघतो.